विजेची गाडी आणि तिची बदलती आज्ञावली

जबलपूरच्या वाहन निर्माणीत अनेक वर्षे ‘जोंगा’ नावाची मोटारगाडी तयार होत असे. निसान या जपानी कंपनीच्या परवान्याने बनणाऱ्या या गाडीचे नाव ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी शब्दांतील अक्षरे जुळवून ठेवलेले होते. सैन्यासाठी बनविलेली ही दणकट गाडी कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली म्हणजे तिचे घडणे संपले. पुढे तिच्यात जो काही फरक पडे तो झिजेमुळे, नाहीतर कारागिराच्या हातातील पान्यामुळे.

आजच्या विजेच्या गाडीची गोष्ट निराळी आहे. ती ग्राहकाच्या दारात उभी राहिल्यानंतरही घडत राहते. तिचा ब्रेक कसा लागावा, बॅटरीतील किती वीज वापरावी, पडद्यावर काय दिसावे, हे ठरविणारी सूचनांची मालिका, म्हणजे आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर, कंपनी नंतरही बदलू शकते. म्हणून विजेची गाडी घेणारे कुटुंब केवळ एक यंत्र घरी आणीत नाही. त्या यंत्राच्या कर्त्याशी काही वर्षांचा संबंधही जोडीत असते. हा संबंध कसा आहे हे पाहिल्यावाचून दोन गाड्यांची तुलना पुरी होत नाही. दुर्दैवाने जाहिरातीत आढळते ती केवळ संख्या: अमुक गाडीत इतक्या सुविधा, तमुक गाडीत तितक्या.

मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्यांना तर हा विचार अधिकच अगत्याचा आहे. जबलपूरच्या उत्तरेस, सिहोऱ्याच्या पश्चिमेला असलेले मझौली हे तहसिलीचे गाव घ्या. विष्णुवराहाच्या प्राचीन मंदिरामुळे ते अभ्यासकांना परिचित आहे. अशा गावी साधी गाडी बिघडली तर जवळपास कोणीतरी कारागीर मिळतो. आज्ञावली बिघडली तर मात्र कंपनीखेरीज दुसरा वैद्य नसतो.

रांजणगावचे उदाहरण

महागणपतीच्या दर्शनासाठी रांजणगावला जाणाऱ्या भाविकांना तेथील औद्योगिक वसाहत ठाऊक असेल. पुणे जिल्ह्यातील याच वसाहतीत टाटा मोटर्सची ‘नेक्सॉन’ तयार होते. तिची विजेवरील आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. मोबाइल फोनवरील ॲपच्या साहाय्याने मिळणाऱ्या ३५ सुविधा तेव्हा तिच्यासोबत दिल्या गेल्या. बॅटरीत किती वीज उरली आहे ते घरबसल्या पाहणे, उन्हात उभी असलेली गाडी बसण्यापूर्वी थंड करून घेणे, गाडी नकाशावर शोधणे, अशा प्रकारच्या या सोयी होत्या.

परंतु या गाडीच्या इतिहासातील अधिक बोधप्रद घटना जुलै २०२२ मधील आहे. कंपनीने ‘नेक्सॉन ईव्ही प्राइम’ या नावाने सुधारित गाडी आणली आणि तिच्यातील काही नव्या गोष्टी आधीच गाडी घेतलेल्या २२,००० हून अधिक ग्राहकांनाही देऊ केल्या. त्यांच्या गाड्यांना नवा सुटा भाग लावण्यात आला नाही. आज्ञावली तेवढी बदलण्यात आली.

एवढ्याने काय साधले ते पाहण्यासारखे आहे. विजेच्या गाडीचा वेग कमी करताना तिची मोटर जनित्राचे काम करते आणि गतीची काही ऊर्जा विजेच्या रूपाने बॅटरीत परत पाठविते. हा परतावा कमीअधिक करण्याची सोय नव्या आज्ञावलीने चालकाच्या हाती दिली. ठराविक वेग आपोआप राखणारा क्रूझ कंट्रोल मिळाला. टायरमधील हवा कमी झाल्याची सूचनाही मिळू लागली, आणि तीही टायरमध्ये दाबमापक न बसविता. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते, म्हणून तेवढेच अंतर कापण्यास ते इतर चाकांपेक्षा थोडे अधिक फिरते. चाकांचे फेरे मोजण्याची सोय ब्रेकच्या यंत्रणेसाठी गाडीत होतीच. त्या मोजणीतील फरक ओळखण्याचे काम आज्ञावलीने केले.

पुढे २०२३ च्या आरंभी ‘नेक्सॉन ईव्ही मॅक्स’ या मोठ्या बॅटरीच्या गाडीचा प्रमाणित पल्ला ४३७ किलोमीटरवरून ४५३ किलोमीटर झाला. बॅटरी तीच होती. हा लाभ जुन्या ग्राहकांनाही आज्ञावली बदलून देण्यात आला. हे आकडे प्रमाणित चाचणीतील आहेत. प्रत्यक्ष रस्त्यावर चढ, ऊन, वेग आणि ओझे यांमुळे पल्ला कमी भरतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या उदाहरणात एक बारकावा आहे. या दोन्ही वेळी नवी आज्ञावली कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात जाऊन घ्यावयाची होती. पुण्याच्या ग्राहकाचे त्यात फार तर काही तास गेले असतील. परंतु मझौलीसारख्या गावच्या माणसाला अशा कामासाठी जबलपूरची वाट धरावी लागते, आणि एवढ्यासाठी त्याचा अख्खा दिवस मोडतो. प्राइमच्या वेळी आणखी एक अट होती. हा पहिला बदल विनामूल्य होता. त्यानंतरच्या बदलांना मूल्य पडेल, असे कंपनीने तेव्हाच सांगितले होते.

हवेतून येणारी आज्ञावली

ही खेप वाचविण्याचा मार्ग म्हणजे मोबाइलच्या जाळ्यातून किंवा घरच्या वायफायवरून नवी आज्ञावली थेट गाडीत उतरविणे. अमेरिकेतील टेस्ला कंपनीने २०१२ मध्ये ‘मॉडेल एस’ ही गाडी आणली, तेव्हापासून ही रीत रुळली. भारतात जानेवारी २०२० मध्ये आलेल्या एमजी कंपनीच्या ‘झेडएस ईव्ही’ मध्ये कारखान्यातच सिम बसविलेले होते. ही गाडी गुजरातेत हालोल येथे तयार होते. महिंद्रांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या ‘बीई ६’ व ‘एक्सईव्ही ९ई’ या गाड्या पुण्याजवळ चाकणला बनतात. त्यांची रचनाच एका शक्तिशाली मध्यवर्ती संगणकाभोवती केलेली असून आज्ञावली हवेतून बदलण्याची योजना तिच्यात आरंभापासून आहे. टाटांच्याही नंतरच्या गाड्यांत ही सोय आली. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने आपले भारतातील पहिले दालन मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले.

तेव्हा आता बहुतेक कंपन्या ‘आमच्या गाडीची आज्ञावली हवेतून बदलते’ असे सांगू शकतात. परंतु या एका वाक्याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. पहिला अर्थ पडद्यापुरता आहे: नकाशे, गाणी, आवाजी सूचना, पडद्याची मांडणी. दुसरा अर्थ खोल आहे: बॅटरीची देखभाल करणारे, मोटर चालविणारे, ब्रेक लावणारे जे छोटे संगणक गाडीत विखुरलेले असतात, त्यांच्या आज्ञा बदलणे. पहिल्या प्रकारची सोय असलेली गाडी दुसऱ्या प्रकारची सुधारणा हवेतून घेईलच असे नाही. म्हणून विक्रेत्याला ‘हवेतून काय बदलते, केवळ पडदा की बॅटरी आणि ब्रेकसुद्धा?’ असे स्पष्ट विचारावे.

दुसरा प्रकार कठीण आहे, कारण त्यात चूक झाल्यास गाडी जागची हलणार नाही. यासाठी काही सावधगिरी घेतात. येणारी आज्ञावली खरोखर कंपनीकडूनच आली आहे हे तिच्यावरील सांकेतिक सहीवरून गाडी पडताळून पाहते. गाडी उभी असल्याखेरीज व बॅटरीत पुरेशी वीज असल्याखेरीज बदल सुरू होत नाही. पुष्कळ यंत्रणांत जुनी आज्ञावली पुसून न टाकता नवी आज्ञावली शेजारच्या जागेत उतरवितात, म्हणजे नवी चालली नाही तर जुनीवर परतता येते.

आज्ञावलीचे सामर्थ्य आणि मर्यादा

या पद्धतीचे सामर्थ्य २०१८ मध्ये अमेरिकेत दिसून आले. तेथील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या नियतकालिकाने टेस्लाच्या ‘मॉडेल ३’ ची चाचणी घेतली. ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर वेगात असताना ब्रेक दाबल्यावर गाडी थांबण्यास १५२ फूट लागले. हे अंतर फार होते. कंपनीने थोड्याच दिवसांत ब्रेकची आज्ञावली हवेतून बदलली आणि त्याच चाचणीत गाडी १३३ फुटांत थांबली. १९ फूट म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या जीवनमरणाचे अंतर. अर्थात याची दुसरी बाजूही विचारात घेण्यासारखी आहे: दारात आलेल्या गाडीचे ब्रेक रातोरात बदलू शकतात, ही गोष्ट मालकाला कळविली गेलीच पाहिजे.

मर्यादेचे उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. ह्युंदाईच्या ‘कोना’ या विजेच्या गाडीला आगी लागल्याच्या घटना घडल्यावर २०२० मध्ये तेथे गाड्या परत बोलावून बॅटरीची देखरेख करणारी आज्ञावली बदलण्यात आली. जानेवारी २०२१ मध्ये असा बदल केलेल्या एका गाडीलाही आग लागली. शेवटी पुढच्या महिन्यात कंपनीने जगभरातील सुमारे ८२,००० वाहनांच्या बॅटऱ्याच बदलण्याचा निर्णय जाहीर केला. दोष मुळात वस्तूत असेल तर आज्ञावली त्यावर पांघरूण घालील. दोष नाहीसा करू शकणार नाही. म्हणून ‘पुढच्या सुधारणेत ते ठीक होईल’ या आश्वासनावर अपुरी गाडी घेऊ नये. खरेदीच्या दिवशी जे चालते आहे तेवढेच आपले मानावे.

कुलूप कोणाच्या हाती?

आज्ञावली जशी देते तशी राखूनही ठेवते. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यावर ‘अर्मा’ हे चक्रीवादळ आले आणि लाखो लोक घरे सोडून निघाले. तेव्हा टेस्लाने काही ग्राहकांच्या गाड्यांचा पल्ला काही दिवसांपुरता वाढवून दिला. त्या गाड्यांत बॅटरी मोठीच बसविलेली होती. ग्राहकाने कमी किमतीची गाडी घेतल्यामुळे तिचा काही भाग आज्ञावलीने बंद ठेवलेला होता. संकटकाळी केलेली ही मदत कौतुकास्पद खरीच, परंतु गाडीतील कुलपाची किल्ली कोठे असते हेही त्या प्रसंगाने जगाला कळले.

बीएमडब्ल्यू कंपनीने काही देशांत आसन गरम ठेवण्याच्या सोयीसाठी मासिक वर्गणी ठेवली होती. गाडीत यंत्रणा बसविलेलीच असताना पुन्हा पैसे कशाचे, असा आक्षेप ग्राहकांनी घेतला आणि २०२३ मध्ये कंपनीने तो विचार सोडला. आपल्याकडे आसने गरम करण्याचा प्रश्न क्वचितच येतो, पण वर्गणीचा येतो. ॲपवरील संपर्क-सेवा सहसा पहिली काही वर्षे गाडीच्या किमतीतच दिली जाते. मुदत संपल्यावर नूतनीकरणाचे पैसे भरावे लागतात. दोन गाड्यांच्या किमती ताडून पाहताना हा खर्चही धरावा.

दुरून मिळणारी मदत आपल्या देशालाही नवी नाही. महिंद्रांच्या ‘ई२ओ’ या छोट्या विजेच्या गाडीत २०१३ सालीच अशी सोय होती. वाटेत वीज संपत आली की मालकाने संपर्क साधावा आणि बॅटरीत राखून ठेवलेला थोडा साठा दुरून मोकळा करून घ्यावा. त्यावर काही किलोमीटर जाऊन घर किंवा चार्जर गाठता येई. ही कल्पना बंगळूरच्या रेवा कंपनीने २००९ मध्ये मांडली होती. तिच्यात दिखाऊपणा नव्हता. वाटेत अडकण्याच्या भीतीवर ते नेमके औषध होते. पुष्कळ सुविधांच्या यादीपेक्षा अशी एखादीच सुविधा कुटुंबाच्या अधिक उपयोगी पडते.

संपर्क तुटला तर?

संपर्क-सुविधा तीन गोष्टींवर उभ्या असतात: गाडीतील सिम, मोबाइलचे जाळे आणि कंपनीचा मध्यवर्ती संगणक. तिन्हींपैकी एक ढळली की सुविधा थांबते. ब्रिटनमध्ये निसानच्या ‘लीफ’ या गाडीबाबत असेच झाले. २०१६ पूर्वी बनलेल्या लीफ गाड्यांतील यंत्रणा मोबाइलच्या जुन्या, टूजी जाळ्यावर चालत असे. ते जाळे बंद होऊ घातल्याने त्या गाड्यांची ॲप-सेवा एप्रिल २०२४ पासून बंद करण्यात आली. गाड्या धावतच राहिल्या, मात्र घरातून गाडी गरम करून ठेवण्यासारख्या सोयी गेल्या. गाडीचे आयुष्य सहज दहा-पंधरा वर्षांचे असते; मोबाइलची पिढी त्याआधीच पालटते.

अमेरिकेतील फिस्कर ही कंपनी तर जून २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. ‘ओशन’ या तिच्या गाडीच्या मालकांना पुढची आज्ञावली कोण देणार, मध्यवर्ती संगणक कोण चालविणार, याची चिंता पडली. त्यांनी आपली संघटना स्थापून आपणच वाट शोधण्यास आरंभ केला. म्हणून कंपनी किती टिकाऊ आहे, हाही आता गाडीच्या टिकाऊपणाचाच एक भाग झाला आहे.

दारातून कोण आत येते?

ज्या वाटेने सुधारणा आत येते त्याच वाटेने चोरही येऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ली मिलर व ख्रिस व्हॅलासेक या दोघा तज्ज्ञांनी रस्त्यावर धावणाऱ्या एका जीप गाडीचा ताबा दुरून, मोबाइलच्या जाळ्यामार्फत घेऊन दाखविला. ती गाडी विजेची नव्हती. दोष संपर्काच्या दारात होता. त्यानंतर कंपनीला १४ लाख वाहनांत दुरुस्ती करावी लागली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर दोन नियम तयार झाले. वाहनाला सायबर हल्ल्यापासून राखण्याचा क्रमांक १५५ आणि आज्ञावली बदलण्याच्या रीतीचा क्रमांक १५६. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून ते सर्व नव्या गाड्यांना लागू आहेत. आपल्याकडेही त्याच धर्तीवर एआयएस-१८९ व एआयएस-१९० या मानकांची आखणी करण्यात आली.

दुसरा धोका अधिक सौम्य दिसतो. गाडी कोठे गेली, केव्हा गेली, कोणत्या वेगाने गेली याची नोंद कंपनीकडे जात असते. मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये २५ मोटार-नाममुद्रांची धोरणे तपासली, तेव्हा खासगी माहिती जपण्याच्या कसोटीवर त्यांपैकी एकही उतरली नाही. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा या बाबतीत नागरिकाला संमतीचा अधिकार देतो. तेव्हा ॲप सुरू करताना येणारा संमतीचा मजकूर घरातील एकाने तरी शांतपणे वाचावा, आणि गाडी विकताना आपले खाते व माहिती पुसूनच किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी. तसे न केल्यास जुन्या मालकाच्या फोनवर नव्या मालकाचा ठावठिकाणा दिसत राहण्याचा संभव असतो.

घेण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

वरील विवेचनातून ग्राहकाला पाच प्रश्न काढता येतील. हवेतून नेमके काय बदलते, आणि कशासाठी सर्व्हिस सेंटरला जावेच लागते? सुधारणा किती वर्षे मिळतील व कोणत्या विनामूल्य आहेत? संपर्क-सेवेची वर्गणी केव्हापासून व किती? मोबाइलचे जाळे नसेल तेव्हा गाडी उघडणे, चालविणे व चार्ज करणे ही कामे निर्वेध होतात काय? आणि प्रत्येक बदलाची माहिती मालकाला आधी, समजेल अशा भाषेत दिली जाते काय? उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्यावीत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर तर स्वतःच पाहावे: चाचणी-फेरीच्या वेळी फोन बंद ठेवावा आणि गाडीची किल्ली व बटणे यांनीच सर्व कामे करून पाहावीत.

मझौलीसारख्या गावच्या घरात या प्रश्नांचा क्रम शहरापेक्षा वेगळा लागेल. तेथे पहिला मान चौथ्या प्रश्नाला, दुसरा पहिल्या प्रश्नाला. पडद्यावर गाणी किती भाषांत लागतात हे शेवटी पाहिले तरी चालेल. विजेची गाडी हे पुष्कळ कुटुंबांच्या बाबतीत घराखालोखालचे मोठे खर्चाचे काम असते, आणि तिची आज्ञावली दुसऱ्याच्या हाती राहणार असते. ज्या कंपनीची या पाच प्रश्नांची उत्तरे नेमकी व लेखी मिळतात, तिची गाडी यादीत दोन सुविधांनी मागे असली तरी पुढे ठेवावी.